पाढ्यांचा सराव : कागदावर की पडद्यावर?

प्राथमिक शाळेतील मुलांना पाढे पाठ हवेत की नकोत, हा वाद आपल्याकडे आता बराचसा शमला आहे. ते पाठ हवेत, पण समजूनही हवेत, एवढ्यावर बहुतेकांचे एकमत झालेले दिसते. त्या वादाची जागा आता दुसऱ्या प्रश्नाने घेतली आहे. हा सराव छापील सरावपत्रिकांवर, म्हणजे शिक्षकांच्या नेहमीच्या बोलण्यातील ‘वर्कशीट’वर, करून घ्यावा, की मोबाइल अथवा टॅब्लेटच्या पडद्यावर? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत शिक्षक आणि पालक एकत्र बसले की हा विषय निघतोच. एक पक्ष म्हणतो की पडद्याने मुलांचा घास घेतला आहे, आता निदान गणित तरी कागदावर राहू द्या. दुसरा पक्ष म्हणतो की कागदाचे दिवस सरले. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य आहे. परंतु मूळ प्रश्न कागदाचा वा पडद्याचा नाही, हे दोघांच्याही नजरेतून निसटते.

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने प्राथमिक गणितात का डोकवावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पदवीच्या वर्गात मिळते. मागणीची लवचीकता काढताना सूत्र बरोबर मांडणारा विद्यार्थी छप्पनला आठाने भागण्यासाठी गणकयंत्र शोधू लागतो, आणि ते हाती येईपर्यंत उदाहरणाचा धागा त्याच्या मनातून सुटलेला असतो. माणसाची तात्पुरती स्मरणशक्ती फार लहान असते. ‘सात आठे छप्पन’ हे आपोआप आठवले, तर ती जागा विचारासाठी मोकळी राहते. तेच मोजत बसावे लागले, तर विचाराला जागा उरत नाही. ही उणीव महाविद्यालयात निर्माण होत नाही, ती तिसरी-चौथीत निर्माण होऊन तेथपर्यंत चालत येते. ‘असर’ या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी केवळ ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. २०२२ मध्ये हे प्रमाण २५.६ टक्के होते. सुधारणा झाली हे खरे; तरीही दहांपैकी जवळजवळ सात मुले भागाकाराच्या उंबरठ्यावर अडखळलेली आहेत, हेही तितकेच खरे.

बाजाराने घडविलेला सराव

सरावाची साधने कशी बदलत गेली हे पाहणे उद्बोधक आहे. पंतोजींच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हटले जात. हा निव्वळ घोकंपट्टीचा हव्यास नव्हता. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असलेल्या बाजारात पाऊणपट आणि सव्वापट हे रोजचे हिशेब होते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चलनात आली, पाठोपाठ मेट्रिक वजनमापे आली आणि पावकी-निमकीचा व्यवहारातील आधारच संपला. ज्या ज्ञानाला बाजारात मागणी उरत नाही ते शाळेतूनही हळूहळू ओसरते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. मात्र जेथे मागणी टिकली तेथे तोंडी हिशेबही टिकला. खानापूर-आटपाडी भागातून सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर गेलेल्या माणसांना कस आणि वजन यांचे गुणोत्तर मनातल्या मनात मांडता आल्यावाचून धंदा करणे शक्य नव्हते.

जुन्या पद्धतीतील आणखी एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. सायंकाळी सर्व मुले एका सुरात पाढे म्हणत, तेव्हा त्या सरावाला कागद लागत नव्हता, शाई लागत नव्हती. चुकणाऱ्याची चूक शेजाऱ्याच्या सुरात तत्क्षणी दुरुस्त होत असे. अर्थात या पद्धतीचे दोषही उघड होते. समूहाच्या आवाजात मागे पडलेले मूल केवळ ओठ हलवून सुटत असे, आणि ज्याला ‘सात आठे’ विचारले तर साताचा पाढा पहिल्यापासून म्हणावा लागे, त्याला पाढा येतो असे म्हणणे कठीण होते. पुढे छपाई आणि छायाप्रती स्वस्त झाल्या आणि सरावपत्रिका आली. तिने प्रत्येक मुलाला स्वतंत्र काम दिले, पण त्याचबरोबर एक नवा खर्चही आणला. तो कागदाचा खर्च नव्हे.

दुर्मीळ वस्तू कोणती?

एक साधा हिशेब मांडू. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी एका शिक्षकामागे ३० मुले हे प्रमाण मानले आहे, आणि पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० अध्यापन-तास. प्रत्येक मुलाला रोज एक सरावपत्रिका द्यावयाची, तर वर्षाला ६,००० पाने लागतील. पानाला दीड रुपया धरला, तर हा खर्च ९,००० रुपये होतो. आता दुसरी बाजू. वर्गाला पाच टॅब्लेट घेतले, प्रत्येकाची किंमत दहा हजार रुपये आणि आयुष्य पाच वर्षे धरले, तर वार्षिक खर्च १०,००० रुपये येतो. त्यात दुरुस्ती मिळवावी लागेल. म्हणजे पैशाच्या हिशेबात दोन्ही साधने जवळजवळ सारखीच पडतात.

फरक पडतो तो तपासणीत. एक पत्रिका तपासण्यास अवघी दोन मिनिटे धरली, तरी ३० पत्रिकांना रोज एक तास लागतो, वर्षाला २०० तास. कायद्याने मानलेल्या ८०० अध्यापन-तासांच्या तुलनेत हा चौथा हिस्सा झाला! इतका वेळ कोणत्याही शिक्षकापाशी नसतो. मग काय होते? पत्रिका सोडविल्या जातात, गठ्ठ्याने गोळा होतात, आणि लाल शाईची एक तिरकी रेघ व सही घेऊन परत जातात. नऊ सक चौपन्नऐवजी छप्पन लिहिणारे मूल तीच चूक दहा ओळींत दहादा गिरवते. त्या मुलाचा सराव होतो, पण तो चुकीचा होतो.

तात्पर्य, या व्यवहारातील दुर्मीळ वस्तू उदाहरणे ही नव्हे. ती तर मुबलक आहेत. दुर्मीळ आहे ती तत्काळ मिळणारी दुरुस्ती. ही गोष्ट पूर्वीही ओळखली गेली आहे. १९५३ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. उत्तर बरोबर की चूक हे मुलांना दुसऱ्या दिवसापर्यंत कळत नाही आणि सर्वांना एकाच गतीने चालावे लागते, हे त्यांना खटकले, आणि त्यातूनच त्यांच्या शिक्षणयंत्राचा जन्म झाला. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पॅट्रिक सप्स यांनी तारयंत्राने जोडलेल्या संगणकावर प्राथमिक शाळेतील मुलांना रोजचा गणिताचा सराव देऊन पाहिला. तेव्हा पडद्यावरच्या सरावाला नवे खूळ म्हणून झिडकारणे जसे चुकीचे, तसेच नवा चमत्कार म्हणून डोक्यावर घेणेही चुकीचे. कल्पना सत्तर वर्षांची आहे. बदलली आहे ती किंमत.

पूरक की पर्यायी?

अर्थशास्त्रात चहा आणि कॉफी या पर्यायी वस्तू, तर चहा आणि साखर या पूरक वस्तू मानल्या जातात. संगणक हा शिक्षकाला पर्याय आहे की पूरक, हा प्रश्न तर्काने सोडविण्याची आता गरज नाही, कारण आपल्याच देशात त्याची पाहणी झालेली आहे.

बडोद्याच्या नगरपालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकामागे दोन मुले याप्रमाणे, गणिताचे खेळ खेळण्यास दिले गेले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुलांची गणितातील प्रगती ठळकपणे दिसून आली. परंतु कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने पाहिले, तेव्हा त्या लाभाचा मोठा भाग ओसरला होता. सराव थांबला की त्याचे फळही थांबते, हा धडा तालमीत जाणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही पोराला ठाऊक आहे.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष गुजरातेतीलच ‘ज्ञानशाला’च्या वर्गांवर झालेल्या अभ्यासातून निघाला. ली लिंडन यांच्या या अभ्यासात जेथे संगणकाचा तास शिक्षकाच्या अध्यापनाची जागा घेऊन ठेवला गेला, तेथे मुले इतरांपेक्षा मागे पडली. जेथे तो शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून दिला गेला, तेथे त्यांचा फायदा झाला. साधन जवळजवळ तेच होते, फक्त त्याची जागा निराळी होती. दिल्लीतील शाळेनंतरच्या केंद्रांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे ९० मिनिटांपैकी निम्मा वेळ संगणकावरील सराव आणि निम्मा वेळ लहान गटात सहायक शिक्षकाबरोबर अशी विभागणी होती. सहावीतील मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होते. संगणकाने प्रत्येकाला त्याच्या पायरीवरची उदाहरणे दिली आणि अवघ्या साडेचार महिन्यांत लक्षणीय प्रगती झाली. तुलनेने अधिक लाभ दुबळ्या मुलांचा झाला.

या तिन्ही अनुभवांचा अर्थ स्पष्ट आहे. पडदा हा सरावपत्रिकेला पर्याय होऊ शकतो; शिक्षकाला तो पर्याय होऊ शकत नाही. सरावपत्रिका तपासण्यात जाणारा तास त्याने वाचवावा आणि तो तास शिक्षकाने शिकविण्यासाठी वापरावा. एवढी मर्यादा पाळली गेली, तरच हा सौदा फायद्याचा ठरेल.

मोबाइल कोणाच्या खिशात?

आपल्या राज्याने हा प्रयोग इच्छेने केला असे म्हणता येत नाही; तो साथीने करावयास लावला. २०२० मध्ये शाळा बंद असताना राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘स्वाध्याय’ हा उपक्रम व्हॉट्सॲपवर सुरू केला. मुलांनी प्रश्नांची उत्तरे निवडावीत आणि निकाल लगेच पाहावा, अशी योजना होती. पुढील वर्षी, १ जुलै २०२१ पासून, ४५ दिवसांचा ‘सेतू अभ्यास’ आला. त्यात दिवसनिहाय कृतिपत्रिका होत्या. म्हणजे एकाच राज्याने वर्षभराच्या आत पडदाही वापरला आणि कागदही. दोन्हींचे गुणदोष त्या काळात शिक्षकांनी जवळून पाहिले. कृतिपत्रिका मोबाइलवर येई, पण ती छापून कोणी घ्यावयाची, हा प्रश्न उरे. ‘स्वाध्याय’ तत्काळ निकाल देई, पण मोबाइल घरात असावा लागे.

घरात मोबाइल असणे आणि मुलाच्या हाती तो असणे यांत मोठे अंतर आहे. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के ग्रामीण मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. तथापि आदल्या आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासाशी संबंधित कामासाठी केला असे सांगणारी मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी केला असे सांगणारी ७६ टक्के होती. आणि स्वतःच्या मालकीचा फोन मुलांच्या तुलनेत मुलींकडे कमी होता. प्राथमिक शाळेतील लहान मुलाच्या वाट्याला तर वडील रात्री घरी परतल्यावर उरलेली बॅटरी आणि उरलेला डेटा एवढेच येते.

आपल्या दोन जिल्ह्यांचा भूगोल पाहिला की ही विषमता डोळ्यांसमोर उभी राहते. सातारा वा सांगली शहरातील नोकरदाराच्या घरी मुलाला जे सहज मिळते, ते जावळी-पाटणच्या डोंगरातील वाडीवर मिळत नाही. तेथे वर्गाचा पट हाताच्या बोटांवर मोजण्याइतका, दोन शिक्षकांकडे चार-पाच इयत्ता आणि मोबाइलला आवाज पोहोचेल इतपत लहर मिळण्यासाठी टेकाड चढावे लागते. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तेथील मुलाला मराठी आवाजातील पाढा परका. कराड-वाळव्याच्या ऊसपट्ट्यात दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून तोडणीच्या टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर आलेले मूल गावाकडे तिसरीत कोठवर पोहोचले होते, हे येथील शिक्षकाला सांगणारे कोणी नसते. या तिघांनाही ‘घरी मोबाइलवर सराव करा’ असे सांगणे म्हणजे ज्याच्या घरी आहे त्यालाच अधिक देणे होय. सराव घरावर सोपविला की विषमता वाढते. तो शाळेत आणला की ती कमी करता येते.

शब्दांचा अडसर

आणखी एका अडचणीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मराठी संख्यानामांत एकक आधी आणि दशक नंतर येतो. ‘सत्तावन्न’ ऐकताना मुलाला सात आधी ऐकू येतो आणि लिहावा लागतो मात्र पाच आधी. त्यात ‘एकोणऐंशी’, ‘एकोणनव्वद’ म्हणजे पुढच्या दशकातून एक उणे. आणि तो नियम कळला म्हणावे तोच ‘नव्व्याण्णव’ तो मोडते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पर्यायी रीत दिली गेली, तेव्हा राज्यभर वादळ उठले होते. त्या रीतीविषयी मत काहीही असो, ती ज्या अडचणीतून निघाली ती अडचण खरी होती. आज मोफत मिळणारी सरावाची बरीच साधने इंग्रजी आवाजात बोलतात, मधूनच जाहिरात दाखवितात आणि घड्याळ लावून मुलाला धावडवितात. मराठी शाळेतील मुलाला ‘सत्तावन्न’ ऐकून ५७ लिहिण्याचा सराव हवा आहे, आणि तो असे साधन देऊ शकत नाही. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड ‘दीक्षा’ मंचावर नेतात, तेथे मराठी साहित्य आहे हे खरे. पण चित्रफीत पाहणे म्हणजे सराव नव्हे. मुलाने उत्तर द्यावे, चुकावे, लगेच दुरुस्त व्हावे आणि चुकलेले उदाहरण त्याला दोन दिवसांनी पुन्हा भेटावे, याला सराव म्हणतात.

येथे एक रास्त आक्षेप येईल. पडद्यावरचे गुण वाढले म्हणजे व्यवहारातला हिशेब आला असे होईल काय? तसे होईलच असे नाही. २०२५ च्या आरंभी ‘नेचर’ या नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भाजीच्या वजनाभावाचा गुंतागुंतीचा हिशेब ही मुले तोंडी करीत. परंतु तसेच गणित शाळेच्या रूपात मांडले की बहुतेक अडत. उलट केवळ शाळेत शिकलेली मुले बाजारी हिशेबात मागे पडत. सांगलीच्या आठवडी बाजारात आईच्या शेजारी बसून मोड परत देणारे मूल आणि वर्गात भागाकाराला भिणारे मूल पुष्कळदा एकच असते. त्याच्या दोन ज्ञानांमध्ये पूल बांधण्याचे काम कोणतेही यंत्र करणार नाही. ते शिक्षकाचेच काम आहे, आणि त्यासाठीच त्याचा तपासणीचा तास मोकळा व्हावयास हवा.

काय करता येईल

यासाठी कोट्यवधींच्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक प्राथमिक वर्गाला चार-पाच साधी, सामाईक, शाळेतच राहणारी उपकरणे मिळावीत. त्यांवरील सराव इंटरनेटविना चालणारा, मराठी आणि सीमाभागात कन्नड आवाजाचा, जाहिरातमुक्त असावा. प्रत्येक मुलाने रोज पंधरा मिनिटे त्यावर बसावे. पाच उपकरणांवर ३० मुलांच्या सहा तुकड्या दीड तासात पूर्ण होतात आणि तेवढा वेळ शिक्षकाला उरलेल्या मुलांकडे पाहता येते. दोनशिक्षकी शाळेत तर ही सोय वरदानच ठरेल. घड्याळाची शर्यत लहान वर्गांत नसावी. ऊसतोडणी मजुरांच्या मुलाची नोंद त्याच्याबरोबर एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जावी. मात्र ती शिक्षकाच्या हाती राहावी, व्यापाऱ्याच्या नव्हे. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना वापरू नये, असे २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातच म्हटलेले आहे. आणि दिवसाची दहा मिनिटे एका सुरात पाढे म्हणण्यासाठी राखून ठेवावीत, कारण त्याला खर्च नाही आणि त्यातला आनंद पडदा देऊ शकत नाही.

‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन व अंकज्ञान मिळावे, यासाठी २०२६-२७ ही मुदत घातली आहे. मुदती येतात आणि जातात. मात्र तिसरी ओलांडून गेलेले मूल पुन्हा तिसरीत येत नाही. महर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. शिक्षण ज्याच्या दारात पोहोचत नाही त्याच्या दारात ते नेण्याची परंपरा या मातीत तेव्हापासून आहे. तेव्हा प्रश्न शाळा पोहोचविण्याचा होता, आज तो दुरुस्ती पोहोचविण्याचा आहे. चूक झाली त्याच क्षणी ती दाखवून देणारे कोणीतरी शहरातील सधन मुलाच्या शेजारी, शिकवणीच्या रूपाने, बसलेलेच असते. पाटणच्या वाडीवरील आणि जतच्या माळावरील मुलाच्या शेजारी कोण बसणार, याचे उत्तर दोन्ही जिल्हा परिषदांनी आणि आपण सर्वांनी द्यावयाचे आहे. कागद की पडदा, हा वाद त्यानंतर केला तरी चालेल.